सोवळ्यातली सुई

ओंजळभर मीठ घेऊन मी आमटीच्या तपेल्यासमोर उभा होतो आणि तात्या काही बोलत नव्हते.

तात्या गद्र्यांना जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांनी न बोलणं हे तसं रीतीला धरूनच होतं. पण गेल्यानंतर पाच वर्षं ते माझ्याशी न चुकता बोलले होते. आणि नेमके आज, आमच्या कोळवण्याच्या लक्ष्मीनारायणाच्या उत्सवात, चारशे पानांची आमटी रटरटत असताना त्यांनी मौन धरलं होतं. तळहातांना घाम सुटून मीठ ओलं व्हायला लागलं होतं. पलीकडच्या चुलाणावर भात सांभाळणारे दामूअण्णा माझ्याकडे बघत होते आणि मी आमटीकडे बघत होतो.

बावीस वर्षं झाली या गोष्टीला. आता सांगायला हरकत नाही, कारण तेव्हाही ती सगळ्या गावाला ठाऊकच होती.

मी सदाशिव आठल्ये, धंद्याने आचारी. तात्यांच्या हाताखाली अठरा वर्षं काढली. देवाचा स्वयंपाक करणाऱ्यापुढे एक मोठी अडचण असते. नैवेद्य दाखवेपर्यंत चव बघायची नाही. बोटाला लागलं म्हणून चाटायचं नाही, वाससुद्धा हुंगायचा नाही. लग्नामुंजीत आचारी दहादा पळी तोंडाला लावतो, देवळात मात्र चारशे माणसांची आमटी आंधळ्याने कोशिंबीर करावी तशी करायची. डाळ, गूळ, आमसुलं यांना माप असतं. मिठाला मात्र माप पुरत नाही, कारण मीठ कधी जाडं येतं, कधी बारीक, कधी ओलं. तात्या असताना मीठ तेच घालत.

ते गेल्यावरच्या पहिल्याच उत्सवात मी असाच ओंजळ भरून उभा राहिलो, तर कानामागून स्पष्ट आवाज आला, "सदा, तीन ओंजळी आणि वर मूठभर." घातलं. लोक बोटं चाटत उठले. मला यात वावगं काही वाटलं नाही. गुरूने शिष्याला सांभाळून घेऊ नये तर कुणी घ्यावं? पुढची पाच वर्षं तात्यांनी सांगितलं तेवढंच मीठ मी घातलं आणि एकदाही चुकलो नाही. आठल्यांच्या हाताला चव आहे, असं लोक म्हणत. श्रेय दुसऱ्याचं असलं की विनय सोपा जातो, तेव्हा मी मान खाली घालून हसत असे.

पण तात्या मिठावर थांबले नाहीत. माणूस एकदा सल्ला द्यायला लागला की त्याला विषय कमी पडत नाहीत. आधी त्यांनी मला माझ्या बायकोच्या, कुमुदच्या, हातचा चहा वर्ज्य केला. मग शेजारचे लोक आमच्या घरातल्या पळ्या चोरून मोजतात असं सांगितलं. मग पोस्टमनवर नजर ठेवायला लावली. तो बिचारा आमचं पत्र आलं तरी फाटकावरून फेकून पळायला लागला. शेवटी दत्तजयंतीला, साडेतीनशे माणसं पानावर बसलेली, श्लोक चाललेला, आणि तात्या म्हणाले, "आमटीत विष आहे सदा. ओत."

मी ओतली. साडेतीनशे माणसांची आमटी मोरीतून खाली पऱ्ह्याला, म्हणजे देवळामागच्या ओढ्याला, गेली. कुणी परत त्यात काही करू नये म्हणून मी त्या रिकाम्या तपेल्यात चढून उभा राहिलो आणि डाव फिरवून येईल त्याला अडवू लागलो. तपेलं तापलेलं होतं. तळपायांवरचे डाग अजून आहेत. लोकांनी भातावर ताक घेऊन उत्सव साजरा केला आणि मला जीपमध्ये घालून रत्नागिरीला नेलं.

तिथे गोळ्या सुरू झाल्या. घरी आल्यावर तात्यांनी गोळ्या गिळायची मनाई केली. मी त्या गालात धरून अंगणातल्या तुळशीत टाकत असे. चार महिन्यांनी कुमुदला तुळशीची माती उकरताना सगळा ऐवज सापडला, तेव्हा ती म्हणाली, "तरीच ही इतकी शांत, आणि तुम्ही असे." मग डॉक्टर नाखऱ्यांनी रोजची कटकट बंद केली. म्हणाले, आता महिन्याला एक सुई, कमरेखाली. औषध तेलात मिसळलेलं असतं, ते मांसात साठून राहतं आणि थोडं थोडं अंगात उतरतं. कुमुदने बरेच शहाणे प्रश्न विचारले. मी एकच विचारला, तेल कसलं? डॉक्टरांनी बाटली उजेडात धरून बारीक अक्षरं वाचली. तिळाचं निघालं. शेंगदाण्याचं असतं तर मी साफ नाही म्हणणार होतो, मला त्याने पित्त होतं.

तिसऱ्या सुईनंतर तात्या पुटपुटायला लागले. पाचवीनंतर ऐकूच येईनात. हात थोडे जड झाले, दुपारची झोप वाढली, पण मी माणसांत आलो. पोस्टमनला बोलावून माफी मागितली. कुमुदच्या हातचा चहा प्यायलो. चहा खरंच वाईट होता, तेवढं एक तात्या खरं बोलले होते.

गावात मात्र मला कुणी चुलीजवळ उभं करीना. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथे तर आमटी पऱ्ह्याला गेलेली. दीड वर्ष मी घरात बसून कुमुदला पोळ्यांचे उंडे करून देत होतो. उंडे करणं वाईट नाही, पण साडेतीनशे-चारशे माणसांचा आचारी उंडे करत बसला की त्याचं आतून काहीतरी बसायला लागतं. कुमुदला ते दिसत होतं. आबा फाटक हे देवस्थानचे पंच, ऐंशीच्या घरातले, बोलायला तोडून टाकणारे. त्यांच्या ओटीवर ती चारदा जाऊन बसली. चौथ्यांदा आबा म्हणाले, या उत्सवाला उभा करतो तुझ्या नवऱ्याला. पण काही विपरीत झालं तर पुन्हा माझ्या दारात येऊ नको.

कुमुद आनंदाने रडली आणि माझी पाचावर धारण बसली. मीठ कोण सांगणार?

महिनाभर मी त्याच विचारात होतो. शेवटी एक युक्ती सुचली. समईत तेल घातलं की ती ठराविक वेळ जळते आणि तेल संपलं की विझते. माझी सुई अठ्ठावीस दिवसांची. पुढची मंगळवारी होती आणि उत्सव शुक्रवारी. मंगळवारी नवं तेल पडलं नाही तर बुधवार-गुरुवारकडे जुनं संपणार आणि शुक्रवारी तात्या मीठ सांगायला हजर होणार. शनिवारी जाऊन सुई घेतली की झालं. मला तात्या फक्त एका जेवणापुरते हवे होते. पाहुण्याला जेवणापुरतं बोलावता येतं आणि हात धुतल्यावर वाटेला लावता येतं, असा माझा धंद्यामुळे झालेला समज होता.

मंगळवार चुकवायचा कसा, हे सोवळ्याने सोडवलं. सोमवारीच मी जाहीर केलं की उत्सव पार पडेपर्यंत मी देवळातच सोवळ्याने राहणार. कुमुदला वाटलं, केवढी ही निष्ठा. आबांना वाटलं, माणूस सुधारला. सोवळ्यातल्या माणसाला बायकोसुद्धा शिवत नाही, हाताला धरून दवाखान्यात नेणं तर लांबच. कुमुदने मंगळवारी सुईची आठवण करून दिली तेव्हा मी तिला सांगितलं की सुई देणाऱ्या सिस्टरांना निरोप धाडलाय, त्या शनिवारी चालेल म्हणाल्यात. मी कुमुदशी फारसं खोटं बोललेलो नाही. जे बोललो त्यातलं हे सगळ्यांत सफाईदार होतं.

तर शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मी ओंजळ भरून उभा होतो आणि मनातल्या मनात तात्यांना हाका मारत होतो. आधी आदराने मारल्या, मग अजीजीने, मग जरा चिडून. नैवेद्याला तासभर उरला होता. डोक्यात इतकी शांतता होती की लाकडं फुटल्याचा आवाज मोठा वाटत होता.

"आठल्येकाका, मंगळवारी कुठे होतात?"

क्षणभर वाटलं, आले तात्या. पण आवाज बाईचा होता आणि कानामागून नव्हे, समोरून आला होता. पाकशाळेच्या दाराला आडवा बांबू बांधलेला होता. त्याच्या आत सोवळं आणि बाहेर बाकीचं जग. बाहेरच्या जगात मेस्त्री सिस्टर उभ्या होत्या. काखेत छत्री, खांद्याला पिशवी, एसटीतून उतरून चढण चढल्यामुळे लागलेली धाप. ग्रामीण रुग्णालयात महिन्याच्या सुया याच देत. आवाज असा की खोलीत बसून स्टँडवरचा पेशंट बोलवावा.

मी म्हटलं, मी सोवळ्यात आहे.

"ते दिसतंय. मी शिवायला नाही आले, विचारायला आलेय. माझ्या वहीत तुमच्या नावापुढे तीन दिवस जागा रिकामी आहे."

दामूअण्णांना शास्त्रार्थाचा वास लगेच येतो. ते भात सोडून पुढे आले आणि कुणी न विचारता निवाडा करू लागले. त्यांच्या मते सुई धातूची, धातूला विटाळ नाही. तेल तिळाचं, तिळाला तर उलट मान आहे. प्रश्न उरतो तो सिस्टरांच्या हाताचा, पण त्यांनी आंघोळ करून ओलेत्याने सुई दिली तर चालण्यासारखं आहे. पण मग नेसलेला मुकटा कमरेखाली सरकवावा लागेल, आणि तो सरकल्यावर सोवळं राहतं का, यावर त्यांना काही ठाम सांगता येईना. सिस्टरांनी त्यांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की त्या ओलेत्याने कुणालाही सुई देणार नाहीत, आणि उकळत्या आमटीशेजारी तर नाहीच नाही. एवढ्यात भात खाली लागल्याचा वास आला आणि दामूअण्णा शास्त्र टाकून पळाले.

"मला घाई नाही," सिस्टर मला म्हणाल्या. "दोन दिवस इकडे-तिकडे झाले तर आभाळ कोसळत नाही. तुम्ही विसरलात की चुकवलीत, एवढंच मला कळलं पाहिजे. आणि ते मीठ घेऊन का उभे आहात?"

तोवर कुमुद आली होती. ती अंगणात भोपळा चिरत होती, सिस्टरांचा आवाज ऐकून विळीवरून उठून आली. मला खोटं सुचेना. हातात मीठ असताना खोटं बोलायचा धीर होईना म्हणा हवं तर.

"तात्या येत नाहीत," मी म्हणालो.

मग समईचा सगळा हिशोब मी सांगितला. सांगताना तो मलाच कसातरी वाटायला लागला. सिस्टर हसल्या नाहीत, याचं मला आजही कौतुक आहे. त्यांनी पिशवी बांबूवर टेकवली.

"काका, समई नाही ती. लोणच्याची बरणी समजा. तेल वरून संपलेलं दिसलं तरी खाली फोडीफोडीत मुरलेलं असतं. दीड वर्षाचं मुरलंय तुमच्यात. तीन दिवसांत कसं जाईल? आज तात्या येणार नाहीत, उपास करा नाहीतर नवस बोला."

"मग कधी येतील?"

"सुया सोडल्यात तर येतील की. महिन्याने, दोन महिन्यांनी. पण मीठ सांगून गप्प बसतील का, ते तुम्हीच सांगा. तुमची ओळख जुनी आहे."

उत्तर दिलं ते कुमुदने. ती कधी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. हातात भोपळ्याच्या बिया तशाच होत्या.

"आमटी खारट झाली तर चारशे माणसं घोटभर पाणी जास्त पितील," ती म्हणाली. "तात्या घरात आले तर मी कुठे जाऊ?"

मी तिच्याकडे पाहिलं. वर्षानुवर्षं तिने केलेला चहा मी तिच्यादेखत ओतत होतो. तपेल्यातून मला बाहेर काढताना तिच्या हाताला भाजलं होतं, ते मला रत्नागिरीहून आल्यावर दिसलं. आणि मी मिठाच्या मापासाठी त्याच माणसाला घरी बोलावत होतो. मला अतिशय लाज वाटली. इतकी लाज मला त्या तपेल्यात उभं राहूनही वाटली नव्हती, कारण तेव्हा मी मी नव्हतो आणि आता पुरता शुद्धीवर होतो.

मग मी मीठ घातलं. काही मोठा निश्चय वगैरे केला असं समजू नका, हात भरून आले होते. एक ओंजळ घातली. दुसरी घातली. तिसरी भरली आणि तिथे धीर सुटला. निम्मी घातली, निम्मी परत मडक्यात टाकली. डाव फिरवला, झाकण ठेवलं, आणि भिंतीला टेकून खाली बसलो.

नैवेद्य झाला. पानं मांडली गेली. सिस्टरांना आबांच्या सुनेने आग्रहाने पहिल्या पंगतीला बसवलं. मी दाराच्या फटीला डोळा लावून होतो. पहिला भात झाला, आमटी फिरली. कुणी मान हलवली नाही की तोंड वाकडं केलं नाही. मला वाटलं, जमलं. आणि मग कोपऱ्यातून एकजण ओरडला, इकडे जरा मीठ आणा. पाठोपाठ समोरच्या ओळीतून, अहो मीठ. मग वाढपी मिठाचं भांडं घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे पळताना दिसला. जिलबीच्या दिवशी जिलबीवाला पळतो तसा.

मी दारातून मागे सरलो आणि गुडघ्यात मान घालून बसलो. कुमुद ज्या ओटीवर चारदा जाऊन बसली ती ओटी आता आम्हाला बंद झाली, हे मला कळलं होतं.

आबा काठी टेकत आले तेव्हा पंगत उठत होती. त्यांनी बांबू वर उचलला आणि आत आले. नैवेद्य झाला होता, सोवळं उठलं होतं.

"सदा, आमटी अळणी झालीये."

मी म्हटलं, हो.

"पातेलंभर मीठ गेलं वाढपात." त्यांनी तपेल्यात डोकावून पाहिलं. "अर्धी ओंजळ कमी पडली असेल. पुढल्या वर्षी लक्षात ठेव."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. माझ्या ऐकण्यावर माझा तसाही फार विश्वास उरलेला नव्हता. मी विचारलं, पुढल्या वर्षी?

"मग काय दर वर्षी नवा आचारी आणू?" आबा वैतागले. "चव न बघता रांधणार, म्हणजे कधी अळणी होणार, कधी खारट. तात्याची दर दोन वर्षांनी बिघडायची. एकदा तर अशी खारट केली होती की लोक विहिरीवर रांग लावून उभे होते. म्हणून तर पानात आधी मीठ वाढतात. ते काय शोभेला असतं?"

ते गेले आणि मी तपेल्याला धरून उभा राहिलो. तात्यांची आमटी दर दोन वर्षांनी बिघडायची. हे मला माहीत होतं. अठरा वर्षं मी तिथेच, त्यांच्या शेजारी उभा होतो. मीठ मागत पळणारा वाढपी काही वेळा मीच होतो. जिवंतपणी तात्या चुकत, कपाळाला हात लावत, आणि हसून पुढचं पातेलं चढवत. माझ्या कानातले तात्या पाच वर्षांत एकदाही चुकले नव्हते. ते तात्या नव्हेत हे मी तिथेच ओळखायला हवं होतं. माझ्या गुरूला मी इतका कसा विसरलो, याचं मला वाईट वाटलं, आणि ते आज मला पुन्हा आठवले म्हणून बरंही वाटलं. मी मोरीवर जाऊन तोंड धुतलं. थोडं रडलोही असेन, पण आमटीच्या वाफेने आचाऱ्याचे डोळे नेहमीच लाल असतात.

सिस्टर हात धुऊन विडा खात बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन म्हटलं, चुकवली होती, विसरलो नव्हतो. आता घेतो. त्यांनी विडा संपवला, पुन्हा साबणाने हात धुतले आणि मला नारळाच्या कोठीत नेलं. दाराबाहेर कुमुद पाठ करून पहारा देत उभी राहिली. तिळाचं तेल जाड असतं, सावकाश जातं. सिस्टर सुई टोचून धरून सांगत होत्या की आमटी अळणी होती पण भोपळ्याची भाजी उत्तम होती. मी म्हटलं, भाजी कुमुदने चिरली. वहीत माझ्या नावापुढची जागा त्यांनी तिथेच, नारळाच्या राशीवर वही ठेवून भरली.

शेवटच्या पंगतीला मी आणि कुमुद शेजारी बसलो. मला डाव्या अंगावर कलून बसावं लागत होतं. दामूअण्णांनी वाढलं. भात खाली लागलेला होता, पण त्याबद्दल ते शास्त्राचा आधार देणार हे ठाऊक असल्याने कुणी काही बोललं नाही. कुमुदने आमटीचा एक भुरका घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"अळणी आहे हो," ती म्हणाली.

"आहे," मी म्हणालो. "माझी आहे."

मग आम्ही दोघांनी पानातलं मीठ घालून घेतलं आणि जेवलो.